रेडिओ बाहेरच्या खोलीत, मी स्टोपाशी

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग थोडा आटोपशीर करून आधी देतो.

“मी ६४ वर्षांची आहे. आमचे बालपण गिरगावातल्या एका चाळीत, दीड खोलीत गेले. माझा थोरला भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. निवृत्तीनंतर तो पुण्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि तेव्हापासून दादाला जुन्या दिवसांचे अक्षरशः वेड लागले आहे. घरच्या व्हॉट्सॲप गटावर तो रोज सकाळी काही ना काही टाकतो. कधी मर्फीच्या रेडिओचे चित्र, कधी लिमलेटच्या गोळ्यांची बरणी, कधी रेडिओवरच्या बिनाका गीतमालेची आठवण. सगळे वाहवा करतात. आता येत्या डिसेंबरात त्याने आम्हा भावंडांचा, मुलासुनांचा आणि नातवंडांचा मिळून २२ जणांचा मेळावा ठरवला आहे. दिवसभर जुने रेडिओ कार्यक्रम ऐकायचे आणि लहानपणीचे पदार्थ खायचे, असा बेत आहे. पदार्थांची यादी त्याने मला पाठवली: भाजणीची कडबोळी, नानकटाई, गूळपापडी, पापडाच्या लाट्या, तळलेल्या चिकवड्या, दडपे पोहे. खाली लिहिले होते, ‘आईची चव आता फक्त तुझ्याच हातात आहे.’

ती यादी वाचून माझे डोळे भरून यायला हवे होते, पण मला राग आला. दादा ज्या रेडिओचे गोडवे गातो तो बाहेरच्या खोलीत होता आणि मी आत स्टोपाशी होते. बुधवारी रात्री आठला गीतमाला सुरू व्हायची आणि पहिल्या क्रमांकाचे गाणे लागायच्या बेताला मला पाने घ्यायला हाक यायची. १९७१ च्या गणेश चतुर्थीला ओव्हलवर आपण क्रिकेटची कसोटी जिंकलो तेव्हा चाळीतली आरती कशी खोळंबली होती, हे दादा दर गणपतीत रंगवून सांगतो. मला त्या संध्याकाळचे आठवते ते मोरीत घासलेले मोदकपात्र. नानकटाई माणशी दोन मिळायची आणि मोडलेली हमखास माझ्या वाट्याला यायची. माझी शाळा सकाळची होती. त्यामुळे दुपारी आई तांदूळ निवडत ‘वनिता मंडळ’ ऐकायची तेव्हा मी तिच्याजवळ असायचे आणि त्यात सांगितलेली एखादी कृती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायचे. रेडिओशी माझा संबंध तेवढाच, पण ते काही सांगण्यासारखे नाही.

दादाच्या आनंदात मला मनापासून सामील होता येत नाही, हा माझ्या मनाचा कोतेपणा आहे का? आणि नाते न बिघडवता त्याला नाही कसे म्हणावे?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येईल. परंतु ते देणारा माणूस तुमच्या दादांच्याच पंगतीत बसलेला आहे, हे आधी कबूल करायला हवे. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी आमच्या साताऱ्याच्या घरातल्या दिवाळीवर लेख लिहिला होता. पहाटेचा रेडिओ, उटण्याचा वास, पितळी डब्यातला पातळ पोह्यांचा चिवडा असे सगळे त्यात यथासांग होते. तो मी आत्याला वाचून दाखवला, तेव्हा ती ८६ वर्षांची होती. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “छान लिहिलंयस. पण पोहे कोणी चाळले होते रे?” मी पुन्हा लेख चाळला. पोहे आपोआप चाळले गेले होते, खोबऱ्याचे काप आपोआप पडले होते आणि चिवडा तर थेट डब्यातच जन्माला आला होता. लेख तसाच छापून आला, कारण अंक छपाईला गेला होता; पण आत्याचा तो प्रश्न अजून माझ्या मानगुटीवर आहे. तुमचे पत्र वाचताना तो पुन्हा ऐकू आला.

दादा खोटे लिहितात असे तुम्ही कुठेही म्हटलेले नाही, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. त्यांची आठवण खरीच आहे. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर, विणलेल्या झाकणाखाली ठेवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ, बटण फिरवल्यावर तो तापून आवाज येईपर्यंतचे ते काही क्षण, केंद्र नीट लागले की आक्रसून येणारा हिरवा डोळा, आणि दरवर्षी टपाल कचेरीत पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेवर मारून आणलेला शिक्का, हे ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातून ते जात नाही. परवाना काढून घरात आणलेली ती वस्तू होती आणि बहुतेक घरांत तिची खुंटी पिळण्याचा अधिकार वडिलांकडे, त्यांच्या माघारी थोरल्या मुलाकडे असे. त्या अधिकाराचे सुख दादांनी भोगले. ते सुख त्यांना अधिकार म्हणून जाणवलेही नसेल. ज्याला बसायला जागा मिळते त्याला जागेचा प्रश्न सहसा पडत नाही, आणि दीड खोलीत एकाने ऐसपैस बसायचे म्हटले की दुसऱ्याला आत सरकावे लागते. रेडिओ एकच होता. फक्त तुमच्यापर्यंत तो भिंत ओलांडून, स्टोच्या फरफरीतून येत होता.

गीतमालेचेच पाहा. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताचा प्रसार व्हावा या हेतूने त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना इतकी कात्री लावली की ती जवळजवळ दिसेनाशी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली आणि सारा देश बुधवारी रात्री आठला लघुलहरींवर सिलोन शोधू लागला. आकाशवाणीने १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू केली, तोवर श्रोत्यांना सिलोनची सवय जडली होती आणि ती पुढे कित्येक वर्षे सुटली नाही. हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. रात्री आठ ते नऊ ही मराठी घरातली स्वयंपाकाची आणि जेवणाची वेळ असते, ही साधी गोष्ट मात्र त्यात कुठे येत नाही. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी भावांच्या आधी बहिणींना हाक मारत, ‘बहनों और भाइयों’ म्हणत, याचे आजही कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण ती हाक ऐकू आली तेव्हा तुमच्या हातात पोळपाट होता आणि पहिल्या पायदानावरचे गाणे लागले तेव्हा भाताचे पातेले. असे किती बुधवार गेले असतील, याचा हिशेब दादांच्या एकाही संदेशात नसणार.

तरीही ताई, दादांच्या बाजूने दोन गोष्टी मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पहिली अशी की त्यांचे हे वेड आई गेल्यानंतर सुरू झाले, असे तुम्हीच लिहिले आहे. आमच्या पिढीतल्या पुरुषांना आईसाठी रडायची रीत कोणी शिकवलेली नाही; म्हणून ते आईची कडबोळी मागतात, आईच्या वेळचा रेडिओ लावतात आणि त्यालाच मेळावा म्हणतात. ‘आईची चव तुझ्याच हातात आहे’ या वाक्यात फुकटचे काम करून घेण्याचा धूर्तपणा असेलच असे नाही. माणूस गेल्याचे दुःख असेल. ते दुःख त्यांनी तुमच्या हातांवर टाकले, हा त्यातला दोष आहे आणि त्याबद्दल पुढे बोलतो.

दुसरी गोष्ट, चाळीत मुलग्यांच्या वाट्यालाही कामे असत. फक्त ती घराबाहेरची असत, त्यामुळे आतून दिसत नसत. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून उभे राहणे, रेशनची साखर आणणे, पिंप भरणे, ही कामे कोण करत होते? नानकटाईच्या दिवशी मैदा, पिठीसाखर आणि डालडा परातीत तळहाताने फेसून तुमचे मनगट भरून आले असेल. पण तो गोळा डब्यात भरून बेकरीत न्यायचा, आपला नंबर येईपर्यंत भट्टीच्या धगीत उभे राहायचे, आपल्या तबकातली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि गरम डबा फडक्यात धरून घरी आणायचा, हे बहुधा दादांनी केले असेल. दादांना ते विचारा. तुमचे मोदकपात्र जसे त्यांच्या आठवणीत नाही, तशी त्यांची एखादी रांग तुमच्या आठवणीत नसेल.

तो काळ फार गोडाधोडाचा होता, ही समजूतही जरा तपासून घेण्यासारखी आहे. तुम्ही दहाअकरा वर्षांच्या होतात तेव्हा, म्हणजे १९७२-७३ च्या सुमारास, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता, साखर, रवा, तेल आणि रॉकेल यांची टंचाई होती आणि मुंबईतल्या बायका मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या होत्या. नानकटाई माणशी दोन का मिळायची याचे उत्तर त्या मोर्च्यांत आहे. ज्या घरात साखर वाटीने मोजली जात होती त्या घरात खाऊही मोजूनच वाटला जाणार. तो मोजताना मोडका तुकडा मुलीच्या हातावर ठेवायचा, ही मात्र टंचाई नव्हती. ती सवय होती. आईने ती दुष्टपणाने पाळली असेल असे मी म्हणणार नाही. तिने स्वतः तर मोडकीसुद्धा घेतली नसेल, उरलेला भुगा चहाबरोबर खाल्ला असेल.

म्हणून दादांना हवी असलेली चव तुमच्या हातून यायची नाही, आणि तो तुमच्या हाताचा दोष नाही. त्या चवीत दोनच मिळणार हे माहीत असल्याची घाई होती, वर्षातून एकदाच भट्टी लागत असल्याचे अप्रूप होते, दुपारचे सपाटून खेळून आलेली भूक होती. डालडाही होता. आज कोणी साजूक तुपात नानकटाई केली आणि ‘पूर्वीसारखी लागत नाही’ अशी तक्रार आली, तर ती तक्रार खरी असते. कारण पूर्वी बहुतेक घरांत साजूक तूप एवढ्या प्रमाणात परवडतच नव्हते. दादांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर २२ जणांसमोर पहिला घास घेऊन ते मान हलवतील, “छान आहे, पण आईची…” असे म्हणतील आणि तुम्ही पुन्हा एकदा आत निघून जाल.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे वळतो, ज्यावरून माझी नजर हलली नाही. दुपारच्या ‘वनिता मंडळा’बद्दल लिहून झाल्यावर तुम्ही लगेच म्हटले आहे, ‘पण ते काही सांगण्यासारखे नाही.’ ताई, तुमच्या पत्रातले सांगण्यासारखे तेवढेच आहे, असे म्हणण्याचा मोह मी कसाबसा आवरतो. वडील कामावर, दादा शाळेत, खोलीत निवलेले ऊन, सुपात तांदूळ, आई खडे वेचते आहे आणि रेडिओची खुंटी तिच्या हाताखाली आहे. सकाळी आणि रात्री जो रेडिओ घरातल्या पुरुषांचा होता, तो त्या तासाभरापुरता तुम्हा दोघींचा होता. त्यात कोणीतरी शिकलेली, शांत आवाजाची बाई तुमच्या आईशी बोलत होती. तिच्या रोजच्या कामाला बोलण्याजोगा विषय मानत होती. वाट्या-चमच्यांचे माप सांगताना मधे थांबत होती, कारण पलीकडे कोणीतरी लिहून घेत असेल हे तिला माहीत होते. ते लिहून घेणाऱ्या तुम्ही होतात. आईला लिहिण्याची सवय नव्हती की तिचे हात गुंतलेले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. पण वही तुमची होती आणि मागचे पान तुमच्या अक्षरात भरत होते. आईच्या हातची म्हणून जी चव दादा मागत आहेत, तिच्यातले काही पदार्थ त्या वहीतून आलेले असणे अगदी शक्य आहे.

मराठीत या सगळ्याला ‘स्मरणरंजन’ असा शब्द आहे. त्यातल्या स्मरणावर एवढे बोलले जाते, पण रंजन कोणाचे चालले आहे हे कोणी विचारत नाही. दादांच्या स्मरणात त्यांचे रंजन होते, गटावरच्या मंडळींचे होते. तुमची दुपार अजून कोणी ऐकलेलीच नाही, आणि जे ऐकवले जात नाही त्याची घरात आठवण उरत नाही. तुमच्या भाच्या-पुतण्यांना आजीचे चित्र आज बहुधा एकच ठाऊक असेल: ओट्यापाशी उभी असलेली, सगळ्यांना वाढणारी. मांडी घालून रेडिओ ऐकणारी आणि मुलीला “थांब, किती वाट्या म्हणाली गं ती?” असे विचारणारी आजी त्यांना फक्त तुम्हीच देऊ शकता. ती वही कुठे आहे? असेल तर शोधून काढा. नसेल तर त्यातल्या ज्या दोनतीन कृती आजही तोंडपाठ असतील, त्या पुन्हा लिहून ठेवा.

तुमचा दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे, तेव्हा त्याचे उत्तरही व्यवहाराचेच देतो. गटावर काही लिहू नका. बावीस जणांसमोर थोरल्या भावाला त्याच्या बालपणाची दुसरी बाजू दाखवली तर तो ती बघणार नाही, स्वतःला सावरत बसेल; आणि मग मधे पडून ‘जाऊ द्या हो आत्या’ म्हणणारे आठ जण निघतील. दादांना फोन करा, तोही वहिनी कामात आणि ते एकटे असतील अशा वेळी. बोलणे साधारण असे असावे: “दादा, बेत झकास आहे. मी आदल्या दिवशीच येते. पण यादीतलं काहीही मी घरून करून आणणार नाही. मी खुर्चीवर बसून सांगीन आणि करायचं तुम्ही सगळ्यांनी. आईनं मला जसं शिकवलं तसंच मी तुला शिकवते.” यात ‘नाही’ हा शब्द एकदाच येतो आणि तो मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी होकारात गुंडाळलेला. त्यावर दादा हसून “अगं, मला कुठलं जमतंय?” असे म्हणतील. ते वाक्य पुरुष मंडळी फार प्रेमळ आवाजात म्हणतात, मीही म्हणत आलो आहे. त्यावर वाद न घालता एवढेच म्हणा, “मलाही जमत नव्हतं. मी दहा वर्षांची होते.” आणि थोडा वेळ गप्प राहा. फोनवरची ती शांतता भरून काढायची घाई करू नका. ती दादांना भरू द्या.

ते तयार झाले, तर कडबोळ्यांपासून सुरुवात करा, कारण हा पदार्थ माणसाला जागेवर आणतो. चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ, मूठभर धने आणि थोडे जिरे एवढ्यावर भाजणी होते, असे म्हणताना तोंडाला कष्ट पडत नाहीत. हे सगळे निवडून, धुऊन, सावलीत पंचावर वाळवून, एकेक जिन्नस निराळा मंद आचेवर भाजायला मला साठाव्या वर्षी एक अख्खी सकाळ लागली आणि उडीदडाळ तरीही करपली. मग गिरणीत जाऊन ती कशावर दळायची हे सांगायचे, आल्यावर उकळत्या पाण्यात तिखट, मीठ, हळद, तीळ आणि मोहन घालून पीठ भिजवायचे, मळायचे, वळ्या करून टोके जुळवायची. मोहन जास्त झाले तर कडबोळी तेलात विरघळतात, कमी झाले तर दाताने फुटत नाहीत, आणि आच मोठी ठेवली तर वरून लाल, आतून मऊ राहतात. माझ्या पहिल्या घाण्याची कडबोळी आत्याने तोंडात धरून बराच वेळ घोळवली आणि म्हणाली, “ही चघळायची आहेत का?” त्या दिवसानंतर मी चिवड्यावरचा लेख कोणाला वाचून दाखवलेला नाही. दादांनाही आदल्या दिवशी सकाळी आठला पुण्याच्या ओट्यापाशी उभे करा, त्यांच्या मुलांना कढईपाशी ठेवा. नातवंडांना लाट्या करायला बसवा. पापडाचे पीठ तेलाच्या हाताने कुटून लाट्या तोडताना निम्म्या पोटात जातात आणि त्या कामावर कोणाला बळजबरी करावी लागत नाही. वहिनींनाही तुमच्याशेजारी खुर्ची द्या, ही विनंती आहे. तुम्ही सुटलात आणि त्या अडकल्या, असे व्हायला नको.

रेडिओच्या बाबतीत दादांची थोडी निराशा होईल, तेही आधी सांगून ठेवा. वॉल्टर कॉफमन यांनी मुंबई केंद्रावर असताना रचलेली आकाशवाणीची ती सकाळची धून त्यांना सहज मिळेल. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक गीत अशा क्रमाने प्रसारित झालेले गीतरामायणही मिळेल, कारण गदिमा आणि सुधीर फडके यांची ती ५६ गीते पुढे ध्वनिमुद्रिकांवर आली. पण ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांचे रोजच्यासारखे वाटणारे बोलणे, ‘कामगार सभा’, ‘गंमत जंमत’, तुमचे ‘वनिता मंडळ’, यांतले फारच थोडे हाती लागेल. ध्वनिफिती महाग होत्या. एकदा वापरलेली फीत पुसून तिच्यावर पुढचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत होती. ते कार्यक्रम ऐकून संपण्यासाठीच केलेले होते.

म्हणून एक सुचवतो. तुमच्याच घरातली दहा मिनिटांची एक श्रुतिका करा. विषय तुम्ही पत्रात दिलेलाच आहे: २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी, संध्याकाळची वेळ. लंडनमध्ये अजून दुपार आहे, वाडेकरांच्या संघाला जिंकायला थोड्याच धावा हव्या आहेत, चाळीतले सगळे पुरुष एका रेडिओभोवती गोळा झाले आहेत आणि निरांजन विझू नये म्हणून कोणीतरी हाताचा आडोसा धरून उभे आहे. बाहेरच्या खोलीतले संवाद दादांना लिहू द्या, त्यांना ते चेंडूगणिक पाठ असतील. आतल्या खोलीतले तुम्ही लिहा. मोरीत पडलेल्या पाण्याचा आवाज, चिंच आणि राखेने घासले जाणारे मोदकपात्र, बाहेर अचानक उठलेला गलका आणि आईने आतून विचारलेले, “काय झालं गं?” नातवंडे भांडी वाजवून सगळे आवाज काढतील. तुमचे काम एवढेच की आईची वाक्ये तुम्ही स्वतः म्हणायची, ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाहीत. खोलीच्या दोन्ही बाजू एकदम ऐकू येतील तेव्हा दादांच्या चेहऱ्याकडे बघायला विसरू नका.

हे सगळे ऐकून दादा रुसतील, असे होऊ शकते. ‘तू तर आमच्या लहानपणावर पाणीच ओतलंस’ असे ते म्हणाले तर वाईट वाटून घ्या, पण माघार घेऊ नका. रुसलेला माणूस पंधरा दिवसांनी फोन करतो, विशेषतः त्याला भाजणीचे प्रमाण हवे असेल तर. तोपर्यंत मेळाव्याचा बेत त्यांच्या मुलांनी दुकानातून आणलेल्या फराळावर गेला, तरी तुमचे काही बिघडत नाही. त्याही बेताला जा.

दोन बारीक सूचना राहिल्या. चिकवड्या यादीतून काढायला सांगा. त्या उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या नसतील तर डिसेंबरच्या उन्हात नव्याने घालण्याच्या भरीस कोणी पडू नये, विकतच्या आणून तळाव्यात. आणि गीतमाला लावणार असतील, तर अमीन सयानींच्या निवेदनासहित गाण्यांची संकलने मिळतात, त्यांतले एखादे आणायला सांगा आणि ते रात्री आठलाच लावायचा आग्रह धरा. त्या तासात पाने कोण घेणार, हे त्यांच्याकडून आधी ठरवून घ्या, नावासकट. शेवटचे गाणे संपेपर्यंत तुम्ही जागेवरून उठायचे नाही.